पाय तयार, रक्त कोरं

घोडी विताना पहिल्यांदाच पाहिलेला माणूस हमखास एक प्रश्न विचारतो. "हे शिंगरू तर तासाभरात उभं राहिलं, आईला लुचायलाही लागलं. आपल्या बाळाला नुसती मान धरायला तीन महिने लागतात. मग याची एवढी काळजी कशासाठी?"

प्रश्न रास्त आहे. घोडा हा मोकळ्या माळावरचा, शिकाऱ्यापासून पळून जगणारा प्राणी. घोडी साधारण ११ महिने गाभण राहते आणि तेवढ्या काळात शिंगराच्या पायांची बरीचशी तयारी पोटातच होऊन जाते. म्हणून ते धडपडत का होईना, पण लगेच उभं राहतं. रोगजंतूंशी लढायची तयारी मात्र पोटात जवळजवळ होतच नाही. उभं राहिलेलं शिंगरू धडधाकट दिसतं, आणि त्या दिसण्यावर विसंबून पाळणारा निर्धास्त होतो. पहिल्या आठवड्यात दगावणाऱ्या शिंगरांमागे अनेकदा हीच निर्धास्ती असते.

१. रक्तात काय नसतं?

कोविडच्या काळात अँटिबॉडीज हा शब्द घरोघरी पोचला. मराठीत त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. एखादा जंतू किंवा विष शरीरात शिरलं की त्याला नेमकं ओळखून जखडून ठेवणारी ही प्रथिनं रक्तात फिरत असतात. घोडा ती भरपूर बनवतो. सर्पदंशावरचं प्रतिविष घोड्याच्या रक्तापासूनच तयार होतं. घोड्याला विषाच्या अगदी लहान मात्रा वाढवत नेत टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं साठतात आणि ती वेगळी काढून माणसाला देतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम अनेक दशकं केलं. पुण्यात १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, तिचं मूळही घोड्यांतच आहे. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे हाफकिनला जात, आणि तिथूनच स्वतः सीरम बनवण्याची कल्पना पुढे आली.

ज्या प्राण्याच्या रक्तावर माणसांचे जीव वाचले, त्याचं पिल्लू स्वतः मात्र कोऱ्या रक्ताने जन्मतं. याचं कारण वारेत आहे. माणसाच्या आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात, त्यामुळे बाळ थोडी शिदोरी घेऊनच येतं. घोडीच्या वारेत आईचं रक्त आणि गर्भाचं रक्त यांच्यामध्ये सहा थर असतात. अन्न, पाणी, प्राणवायू त्यांतून पलीकडे जातात, पण प्रतिपिंडांसारखे मोठे रेणू अडकतात. मग ती शिंगरापर्यंत पोचवायची दुसरी वाट निसर्गाने ठेवली आहे. ती वाट म्हणजे चीक.

२. चीक आणि त्याची वेळ

विण्याच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत घोडीच्या कासेत चीक साठतो. चांगला चीक दाट, चिकट आणि पिवळसर असतो. शिंगरू तो प्यालं की एक विलक्षण गोष्ट घडते. एरवी पोटात गेलेल्या प्रथिनांचे तुकडे होऊन ती पचतात. नवजात शिंगराच्या आतड्यात मात्र अशा खास पेशी असतात, की त्या प्रतिपिंडं न मोडता अख्खीच्या अख्खी उचलून रक्तात सोडतात. या पेशी थोड्या तासांच्याच सोबती. त्या झडतात, त्यांच्या जागी साध्या पेशी येतात आणि वाट बंद होते. पहिल्या सहा ते आठ तासांत ही वाट उत्तम चालते, नंतर झपाट्याने आखडते आणि २४ तासांनी जवळजवळ मिटते. हिरकणीच्या गोष्टीत सूर्य मावळला की रायगडाचे दरवाजे लागत, मग दूध एकीकडे आणि तान्हं बाळ दुसरीकडे. उशिरा पाजलेल्या चिकाचं हेच होतं. पोटात तो पोचतो, अन्न म्हणून पचतोही, पण संरक्षण म्हणून रक्तापर्यंत जात नाही.

म्हणून एका समजुतीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. गाई-म्हशींच्या बाबतीत वार पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाही, असं अनेक गावांत मानतात. वासराचंही त्यात नुकसानच होतं. हीच पद्धत घोडीला लावली, तर शिंगराचा सर्वांत मोलाचा वेळ वाया जातो. उलट शिंगरू लुचू लागलं की घोडीच्या गर्भाशयाच्या कळा वाढतात आणि वार पडायला मदतच होते.

किती चीक लागतो, याचा हिशेब सोपा आहे. ५० किलोच्या थरोब्रेड शिंगराला पहिल्या सहा-आठ तासांत एक ते दीड लिटर चांगला चीक मिळायला हवा. शिंगराचं जन्मवजन आईच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढं असतं. समजा, धनगराच्या वाड्याबरोबर सामान वाहणारी अडीचशे किलोची भीमथडी घोडी आहे. तिचं शिंगरू २५ किलोच्या आसपास भरेल. म्हणजे त्याला अर्धा ते पाऊण लिटर चीक हवा, आणि तो एकदम नव्हे, तर थोडा थोडा. पुढे आठवडाभरात ते रोज वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढं, म्हणजे पाच-सहा लिटर दूध पिऊ लागेल. जठर लहान असल्यामुळे त्यासाठी तासातून पाच-सहा वेळा तरी ते आईखाली जाईल.

कधी कधी घोडी विण्याआधी काही दिवस कासेतून दूध गळताना दिसतं. भरपूर दूध आहे म्हणून मालक खूश होतो, पण वाहून जातो तो चीकच. अशा वेळी तो स्वच्छ भांड्यात धरून ठेवावा किंवा दुसऱ्या घोडीचा चीक मिळतो का ते पाहावं. उणे २० अंशांवर गोठवलेला चीक सुमारे वर्षभर टिकतो. वापरताना तो कोमट पाण्यात भांडं ठेवून वितळवायचा. उकळला की प्रतिपिंडं नासतात आणि उरतं ते नुसतं अन्न.

चीक लागू पडला की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी १८ ते २४ तासांच्या शिंगराचं रक्त तपासतात. दर डेसिलिटरमागे ८०० मिलिग्रॅमच्या वर प्रतिपिंडं असली तर ठीक, ४०० च्या खाली असली तर चीक निष्फळ ठरला असं समजायचं. वाट तोवर मिटलेली असल्यामुळे आणखी चीक पाजून काही साधत नाही. मग निरोगी घोड्याच्या रक्तातला प्लाझ्मा शिरेतून द्यावा लागतो. मोठ्या स्टड फार्मवर ही तपासणी नेहमीची आहे. एकदोन घोड्या पाळणाऱ्यानेही ती करून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. रक्ताच्या एका नमुन्याचा खर्च आजारी शिंगराच्या उपचारांपुढे काहीच नाही.

३. एक, दोन, तीन

घोड्यांचे डॉक्टर पाळणाऱ्यांना एक सोपा नियम शिकवतात. एका तासात शिंगरू उभं राहावं, दोन तासांत ते लुचावं, तीन तासांत वार पडावी.

घोड्या बहुतेक रात्रीच वितात. समजा, रात्री दोनला शिंगरू बाहेर आलं. तीनच्या सुमाराला ते उभं असायला हवं. चारपर्यंत त्याच्या घशाखाली चीक उतरायला हवा, नुसतं कासेपाशी हुंगणं धरायचं नाही. पाचला वार पडलेली असावी. यातलं काहीही रेंगाळलं तर उजाडायची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा. अडकलेल्या वारेने घोडीच्या गर्भाशयात जंतू माजतात, पुढे तिच्या टापांना सूज येते आणि आई आजारी पडली की शिंगराचं दूधही जातं.

या वेळात आपण जरा लांब थांबून पाहावं. पहिल्या धडपडीत शिंगरू चार-सहा वेळा पडतं, ते साहजिक आहे. त्याला उचलून उभं करायची घाई नको. त्या वेळी टापांकडे जरूर पाहा. ओल्या टापेच्या खाली मऊ, पांढुरक्या पाकळ्यांचा झुबका लोंबत असतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला टाप सडल्यासारखी वाटते. खरं तर आईच्या पोटात लाथा झाडताना गर्भाशय फाटू नये म्हणून टापेवर चढवलेलं ते मऊ आवरण असतं. थोडं चालणं झालं की ते झिजून जातं. ते सुरीने कापायचं नाही.

वार पडली की जमिनीवर पसरून पाहावी. आपल्याकडे जनावराची वार वडाला टांगायची रीत बऱ्याच ठिकाणी आहे. टांगायची तर टांगा, पण आधी ती पुरती आली का ते तपासा. पसरल्यावर तिला दोन टोकं दिसतात. एखादं टोक तुटून आत राहिलं असेल तर डॉक्टर हवेत.

विताना पांढुरक्या पिशवीऐवजी लाल, मखमली पिशवी पुढे दिसली, तर थांबायला मिनिटभरही वेळ नसतो. वार आधीच सुटली आहे आणि शिंगराचा प्राणवायू तुटतो आहे, असा त्याचा अर्थ. ती पिशवी लगेच फाडून शिंगरू बाहेर ओढावं लागतं.

४. नाळ

नाळ कापू नये. घोडी उठली किंवा शिंगराने हालचाल केली की पोटापासून दोन-तीन सेंटिमीटरवर ती आपोआप तुटते. तुटलेलं टोक ही जंतूंना आत शिरायची मोकळी वाट असते. अर्धा टक्का क्लोरहेक्सिडीनच्या द्रावात ते टोक बुडवून काढावं, पहिले दोन-तीन दिवस, दिवसातून दोन-तीनदा. दुकानात दोन टक्क्यांची बाटली मिळाली तर एक भाग औषधात तीन भाग उकळून गार केलेलं पाणी घातलं की अर्धा टक्का होतं. जहाल आयोडीन कातडी भाजतं, ते नको. राख, हळद, शेण, तेल यांतलंही काही नको. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि लिदीत असतात आणि घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा पाळीव प्राणी दुसरा नाही. म्हणूनच विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी घोडीला धनुर्वाताची लस द्यायची. तिची प्रतिपिंडं चिकातून शिंगराला मिळतात.

नाळेची जागा दिवसेंदिवस सुकत जावी. ती ओलीच राहत असेल, तिथून लघवी ठिबकत असेल किंवा ती गरम होऊन सुजली असेल, तर उपचार हवेत.

५. पहिली लीद, पहिली लघवी

पोटात असताना शिंगराच्या आतड्यात काळपट, चिकट मळ साठलेला असतो. चीक प्यायल्यावर तो पहिल्या दिवसात बाहेर पडतो आणि मग पिवळसर मऊ लीद सुरू होते. तो अडकला तर शिंगरू पाठ कमानीसारखी वर काढून, पाय पोटाखाली घेऊन कुंथतं, शेपटी उडवतं, आडवं पडून लोळतं. नर शिंगरांत हे जास्त दिसतं, कारण त्यांचा कटीभाग अरुंद असतो. कोमट पाण्याचा हलका एनिमा बहुधा पुरतो. तोही मऊ नळीने आणि डॉक्टरांना विचारून द्यावा. काडी किंवा बोट घालून काढायला जाणं धोक्याचं, आतडं कागदाइतकं नाजूक असतं.

लघवीसाठी कुंथणारं शिंगरू वेगळं दिसतं. त्याची पाठ खाली झुकते आणि पाय फाकतात. नराची पहिली लघवी साधारण सहा तासांत होते, मादीची दहा तासांच्या आसपास. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट फुगत चाललं, शिंगरू मरगळलं आणि लघवी थेंबथेंब होऊ लागली, तर मूत्राशय फाटल्याची शंका घ्यावी. विताना पडणाऱ्या दाबाने असं होऊ शकतं. यावर शस्त्रक्रियाच करावी लागते, पण त्याआधी रक्तातलं वाढलेलं पोटॅशियम खाली आणावं लागतं, नाहीतर भूल देतानाच हृदय थांबू शकतं.

६. दुधाने माखलेलं कपाळ

माझ्या मते पाळणाऱ्याने हा भाग सर्वांत नीट ध्यानात ठेवावा. जंतू रक्तात शिरून अंगभर पसरणं हे नवजात शिंगराच्या मृत्यूचं मोठं कारण आहे आणि त्याची सुरुवात अगदी गुपचूप होते. निरोगी शिंगराचं तापमान ९९ ते १०२ अंश फॅरनहाइट असतं. गंभीर आजारातही थर्मामीटर हाच आकडा दाखवू शकतो, कधी याहून कमीही. म्हणून नुसत्या तापमानावर विसंबू नये.

घोडीच्या कासेकडे पाहावं. नीट पिणारं शिंगरू कास रिकामी ठेवतं. सकाळी कास टणक दिसली, सडांतून दूध ठिबकत असलं, तर शिंगराचं पिणं कमी झालं आहे. मग त्याच्या तोंडाकडे वळा. आजारी शिंगरू सवयीने आईखाली जाऊन उभं राहतं, पण सड तोंडात धरत नाही. तुडुंब कासेतून गळणारं दूध त्याच्या कपाळावर, नाकावर पडून वाळतं. दुधाने चिकटलेले ते केस पाहून घरच्यांना वाटतं, पोटभर प्यालेलं दिसतंय! प्रत्यक्षात ते बारा तासांपासून उपाशी असू शकतं.

या आजाराचं दुसरं रूप सांध्यांत दिसतं. रक्तातले जंतू गुडघ्यात किंवा घोट्यात जाऊन बसतात, सांधा सुजतो, शिंगरू लंगडतं. "आईने पाय दिला असेल" असं म्हणून लेप लावला जातो आणि दोन-तीन मोलाचे दिवस हातचे जातात. लहान शिंगरू लंगडलं तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत सांध्यात जंतू आहेत असंच धरायचं, हा पशुवैद्यांचा दंडक आहे. तो पाळणाऱ्यांनीही उचलावा. वेळेवर सांधा धुऊन प्रतिजैविकं दिली तर पाय वाचतो.

७. चीकच जेव्हा घात करतो

आतापर्यंत चिकाचे गोडवे गायले, पण एक अपवाद सांगायलाच हवा. शिंगराच्या तांबड्या पेशी बापाच्या वळणावर गेल्या आणि आधीच्या एखाद्या बाळंतपणात तशा पेशींशी घोडीच्या रक्ताचा संबंध आला असेल, तर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तिच्या चिकात उतरतात. शिंगरू धडधाकट जन्मतं, जोमाने पितं आणि एक-दोन दिवसांत मलूल होतं. हिरड्या आणि डोळे पिवळे पडतात, धाप लागते, लघवी तांबूस होते. त्याच्याच रक्ताच्या पेशी फुटत असतात.

घोडीला गाढवापासून खेचर होतं तेव्हा हा धोका बराच वाढतो. गाढवाच्या तांबड्या पेशींवर घोड्यांत कधीच नसणारी एक खूण असते, त्यामुळे घोडीच्या शरीराला ती परकीच वाटते. ज्या घोडीचं आधीचं पिल्लू असं पिवळं पडून गेलं आहे, तिच्या पुढच्या पिल्लाला पहिले एक-दोन दिवस तोंडाला जाळी बांधून आईपासून रोखायचं, दुसऱ्या घोडीचा चीक पाजायचा आणि आईचा चीक पिळून टाकायचा. नंतर तेच पिल्लू आईखाली खुशाल सोडता येतं, कारण आतड्याची ती वाट तोवर मिटलेली असते.

८. आईला न ओळखणारं शिंगरू

काही शिंगरं जन्मल्यावर भ्रमिष्टासारखी वागतात. भिंतीला डोकं लावून उभी राहतात, गव्हाण चाटतात, आई समोर असून तिच्याकडे जात नाहीत. विताना प्राणवायू कमी पडला म्हणून हे होतं, असं पूर्वी मानत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या जॉन मॅडिगन यांनी आणखी एक कारण पुढे आणलं. पोटात असताना काही संप्रेरकं शिंगराला गुंगीत ठेवतात, म्हणून ते आत धावू-लाथाडू लागत नाही. जन्ममार्गातल्या दाबाने ती गुंगी उतरते. काहींची ती उतरतच नाही. मॅडिगन यांनी शिंगराच्या छातीभोवती मऊ दोरीचे वेढे देऊन सुमारे २० मिनिटं दाब दिला. शिंगरू आडवं होऊन झोपतं आणि दोर सोडल्यावर यांतली बरीच शिंगरं उठून आईकडे गेलेली दिसली. हे काम डॉक्टरांनीच करायचं. बरगडी मोडलेली असेल तर याच दाबाने फुप्फुसाला इजा होऊ शकते.

९. आई नसेल तर

घोडी दगावली किंवा तिला दूधच नसलं, तर घरातलं म्हशीचं दूध पाजायचा मोह होतो. घोडीचं दूध गाईच्या दुधापेक्षा पातळ, कमी स्निग्ध आणि जास्त गोड असतं. म्हशीच्या दुधातलं तूप शिंगराला झेपत नाही. शेळीचं दूध त्यापेक्षा बरं. गाईचं घ्यायचं तर साय काढून, लिटरमागे २० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज घालून. साखर घालायची नाही, ती या वयात पचत नाही आणि जुलाब लागतात.

मान वर करून बाटलीने घशात दूध ओतणं सर्वांत वाईट. ते फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. उभ्या शिंगराला उथळ भांड्यातून प्यायला शिकवावं, एक-दोन दिवसांत ते शिकतं.

१०. जुलाब

साधारण पाच ते पंधरा दिवसांच्या शिंगराला पातळ लीद होते. नेमकी त्याच सुमारास घोडी विल्यानंतर पहिल्यांदा माजावर येते, म्हणून दोष तिच्या दुधाला देतात. पण आईविना वाढवलेल्या शिंगरांनाही या वयात असंच होतं. आतड्यात नवे जंतू वस्तीला येत असतात, त्याचा हा परिणाम. शिंगरू आईची लीद खाताना दिसतं, तेही याचसाठी. त्याला हाकलू नये. ते खेळत-पीत असेल तर औषधाची गरज नाही, शेपटीखालचा भाग धुऊन व्हॅसलीन लावलं की पुरे. पिणं थांबलं, लीद पाण्यासारखी किंवा रक्ताची झाली, डोळे खोल गेले, तर मात्र तो संसर्ग असतो आणि सलाइनला उशीर चालत नाही.

११. धूळ

महिना-दीड महिना उलटला की आईकडून आलेली प्रतिपिंडं ओसरू लागतात आणि शिंगराची स्वतःची अजून पुरेशी बनलेली नसतात. या मधल्या काळात ऱ्होडोकॉकस नावाचा मातीतला जंतू धुळीबरोबर फुप्फुसात जातो आणि आत गळवं करतो. एक ते चार महिन्यांची शिंगरं, कोरडा उन्हाळा, लिदीची धूळ उडणारं कुंपण, असा याचा मेळ असतो. शिंगरू बराच काळ हिंडतं-फिरतं आणि एक दिवस नाकपुड्या फुलवून धापा टाकताना सापडतं. हा जंतू पांढऱ्या पेशींच्या आत लपतो, म्हणून साधी प्रतिजैविकं चालत नाहीत. क्षयाच्या औषधांतलं रिफाम्पिसिन आणि दुसरं एक औषध मिळून कित्येक आठवडे द्यावं लागतं. माळावर पांगलेल्या धनगरी घोड्यांना याबाबत एक फायदा आहे, त्यांची शिंगरं एकाच लिदाळ जागेत कोंडलेली नसतात. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेत मात्र या वयाचं शिंगरू नेऊ नये. तिथे धूळही असते आणि गावोगावचे घोडेही.

याच काळात, दोन-तीन महिन्यांना, जंताचं पहिलं औषधही द्यायचं. आयव्हरमेक्टिनला शिंगरांमधले मोठे गोल जंत अनेक देशांत दाद देईनासे झाले आहेत, म्हणून औषध डॉक्टरांनी ठरवावं. चार ते सहा महिन्यांना दूध तोडतात. घोडीला लस दिलेली असेल, तर धनुर्वाताची शिंगराची स्वतःची पहिली लसही याच वयात द्यायची. आधी टोचली तर आईची उरलेली प्रतिपिंडं ती निकामी करतात. दुसरी मात्रा चार ते सहा आठवड्यांनी आणि तिसरी शिंगरू दहा-बारा महिन्यांचं झाल्यावर.